शेपफाईलच्या आकड्यांमागची भानगड

नागपुरात जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) शिकून राहिलेल्या पोरांना शेपफाईल, म्हणजे नकाशाचा डेटा ठेवायचा फाईलचा प्रकार, टाळता येत नाही, राज्याचं दूरसंवेदन केंद्र एमआरसॅक इथंच, माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर, म्हणजे नकाशे आहेतच. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे फाईल उघडते, विषय संपला. पण कोणी स्वतः कोड लिहून ती वाचायला बसला की पहिल्या चार बाइटवरच गाडी अडते, शेपफाईलची ओळख सांगणारा कोड ९९९४ यायला पाहिजे तिथं १७०३२८०६४ येते, मग म्हणते फाईल खराब आहे. खराब नाही ना बाप्पा, बाइट उलटे वाचले तुम्ही.

शेपफाईल एस्री कंपनीनं नव्वदच्या दशकात सुरुवातीला, आर्कव्ह्यू २ च्या वेळी आणली. तेव्हा एकीकडं सन कंपनीची वर्कस्टेशनं होती, दुसरीकडं इंटेलचे पीसी, आणि दोघांचा बाइटचा क्रम उलटा: सन आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवते, इंटेल लहान. फॉरमॅटचे नियम सांगणाऱ्या जुलै १९९८ च्या स्पेकमधे दोन्ही क्रम आहेत, तेही फाईलच्या सुरुवातीच्या १०० बाइटच्या एकाच हेडरमधे: फाईल कोड नि फाईलची लांबी सनच्या क्रमानं, व्हर्जन (१०००) नि शेपचा प्रकार इंटेलच्या. काऊन असं, ते स्पेक सांगत नाही, फक्त कोणता आकडा कोणत्या क्रमात ते सांगते, अन् तेवढंच पुरते म्हणा.

खरा डोक्याला ताप फाईलच्या लांबीचा. ती बाइटमधे नाही, १६ बिटच्या (म्हणजे दोन बाइटच्या) शब्दांमधे मोजायची, म्हणून नुसतं हेडर असलेल्या रिकाम्या फाईलची लांबी १०० नाही, ५० लिहावी लागते. एकक न वाचता आकडा टाकणारे यातच फसतात.

बाकी काही गोष्टी मात्र हुशारीनं केल्यात. शेपच्या प्रकारांचे नंबर पाहा: पॉइंट १, रेषा ३, पॉलिगॉन ५, मल्टिपॉइंट ८, अन् मधले २, ४, ६ वगैरे पुढच्यासाठी राखीव असं चक्क लिहून ठेवलंय. इन्फिनिटी (अनंत) नि नॅन ('आकडाच नाही' अशी खूण) चालणार नाहीत हेही स्पष्ट आहे, मेझरची, म्हणजे बिंदूसोबत ठेवलेल्या जादा मोजमापाची, किंमत माहीतच नसेल तर उणे १० च्या ३८ व्या घातापेक्षा लहान आकडा टाका, वाचणारा समजून घेतो. पण ही सोय मेझरपुरतीच.

बाकी माहिती जाते सोबतच्या डीबीएफ नावाच्या तक्त्याच्या फाईलमधे, अन् तो फॉरमॅट आणखी जुना, डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळातला, त्यात आकडे चक्क अक्षरांसारखे लिहिलेले, रुंदी किती नि दशांश किती हे आधीच ठरवायचं, कॉलमचं नाव दहा अक्षरांत बसवायचं. रिकाम्या आकड्यासाठी धड जागा नाही, म्हणून काही टूल तिथं शून्य टाकून मोकळे होतात, मग विहिरीची पाणीपातळी शून्य की मोजलीच नाही, हे कळत नाही.

पुढच्या फॉरमॅटनी यातलं बरंच निस्तरलं. २०१४ चं जिओपॅकेज एसक्यूलाइट या डेटाबेसवर बसलं, तिथं नल (रिकामी किंमत) हे नलच राहते. जिओजेसन या दुसऱ्या फॉरमॅटच्या २०१६ च्या आरएफसीत (नियमांच्या दस्तऐवजात) रेखांश आधी, अक्षांश मागून, म्हणजे नागपूर ७९.०९, २१.१५ असं, अन् दशांशाचे सहा अंक म्हणजे साधारण १० सेंटीमीटर हेही लिहिलंय. तरी आपल्याकडं डेटा मागितला की अजून झिपमधे शेपफाईलच येते.