तिबेरच्या खोऱ्यातला माणगावचा नाईक

माणगावच्या तहसील कचेरीच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे. यशवंत घाडगे. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव फार पुढचं. ते गेले १० जुलै १९४४ला, दूर इटलीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी.

कोकणातल्या पोराला घराबाहेर दोन वाटा ठाऊक होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. भाताचं एक पीक आणि वाटण्या होऊन उरलेले जमिनीचे तुकडे, एवढ्यावर घर चालत नसे. यशवंत पलटणीत गेले. त्यांची ३/५ मराठा लाईट इन्फंट्री, म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, जुनी, मूळची मुंबई लष्करातली. पहिल्या महायुद्धात ती ११०वी मराठा म्हणून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटच्या वेढ्यात अडकली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ला, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली. पुढे तिची पाठवणी इटलीत झाली, १०व्या भारतीय डिव्हिजनमध्ये.

४ जून १९४४ला रोम पडलं, पण लढाई थांबली नाही. जर्मन सैन्य उत्तरेकडच्या ‘गॉथिक लाईन’कडे सरकत होतं. तिथली तटबंदी पुरी व्हायला वेळ हवा होता, म्हणून ते वाटेतल्या टेकड्या सहजी सोडत नव्हतं. वरच्या अंगाला तिबेर नदीचं खोरं अरुंद होतं. उंचावर एक मशीनगन नीट लावली की अख्खी कंपनी अडकून पडे.

१० जुलैला नेमकं तेच झालं. घाडगे हुद्द्याने नाईक, एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कुणी उरलं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. तरी ते एकटेच धावले. आधी ग्रेनेड टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला सवड नव्हती. समोर अजून दोघं होते, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्यांना ठेचून मारलं. तेवढ्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मशीनगनच्या ठाण्यात ते कोसळले.

त्यांच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात हे सगळं मोजक्या ओळींत येतं. मला त्यातलं बंदूक उलटी धरणं सर्वांत खरं वाटतं, कारण तो डावपेच नाही, हाताशी जे उरलं त्यानिशी केलेलं काम आहे.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान. १९११पर्यंत हा सन्मान हिंदी शिपायांना मिळतच नसे. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांचे. त्यात मराठा लाईट इन्फंट्रीचेच दुसरे वीर नामदेव जाधव; एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीकाठी लढलेले जाधव मात्र जिवंत परतले. घाडगेंची ज्ञात कबर नाही, नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे.

त्यांची पलटण पुढे छत्रीधारी झाली. भारतीय लष्करातली आजची २ पॅरा ती हीच. आणि जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगेंच्या नावाने स्मारक उभारलं. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात.