घरालगतचे मोठे झाड काढण्याचा खर्च : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुणे शहरात आणि लगतच्या गावांत घराजवळची मोठी झाडे उतरवण्याचे काम आम्ही करतो. फोनवर विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "एका झाडाचे किती घेता?" हाच असतो, आणि झाड पाहिल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही याचा काही ग्राहकांना रागही येतो. तो राग समजण्यासारखा आहे. परंतु सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच घेराच्या दोन गुलमोहरांपैकी एकाला चौदा हजारांच्या आत आणि दुसऱ्याला एकतीस हजार रुपये का पडतात, हे एकदा सविस्तर सांगितले, तर अंदाजपत्रक हाती आल्यावर त्यातली प्रत्येक रक्कम कशाची आहे हे आपल्याला कळेल, म्हणून हे पत्रक काढले आहे.

पाडणे वेगळे, उतरवणे वेगळे

मोकळ्या जागेतले झाड पाडता येते. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने बुंध्यात खाच घ्यायची, शेंड्याजवळ दोर बांधून तो ताणून धरायचा आणि मागच्या बाजूने करवत चालवायची. मधे थोडे लाकूड न कापता ठेवलेले असते, ते बिजागरीसारखे काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेने आडवे होते. घराजवळ मात्र झाड पाडता येत नाही, ते तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते. कारागीर वर चढतो, आधी बाहेरच्या फांद्या घेतो, मग आतल्या जाड फांद्या, आणि शेवटी उभे खोड वरून खाली येत एकेक दीड फुटाने कमी करतो. प्रत्येक जड तुकडा कापण्यापूर्वी दोराने बांधला जातो, त्या दोराला खाली बुंध्याभोवती दोन-तीन वेढे दिलेले असतात आणि खालचा माणूस ते वेढे हळूहळू सैल सोडत ओंडका जमिनीवर आणतो. वरच्या आणि खालच्या माणसाचे एकमेकांकडे सतत लक्ष असावे लागते, कारण बांधलेला ओंडका दोन-तीन फूट जरी मोकळा पडून दोरावर आदळला, तरी दोराला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण एक टन धरतात. दोन फूट व्यासाचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या हिशोबाने नऊशे किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे रस्त्यावर ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोला तो एका खेपेत झेपणार नाही. घेराचा हिशोबही लक्षात घेण्यासारखा आहे : उंची तीच राहून घेर दुप्पट झाला, तर लाकूड दुप्पट न होता चौपट होते. "शेजाऱ्यांच्या झाडाहून थोडेच जाड आहे" असे सांगितलेले झाड प्रत्यक्षात दीडपट कामाचे निघते ते यामुळेच.

एका गुलमोहराचा हिशोब

पंचेचाळीस फूट उंचीचा, छातीच्या उंचीवर सहा फूट घेर असलेला गुलमोहर घेऊ. तो मोकळ्या प्लॉटवर असेल, तर काम एका दिवसात होते. शेंड्याला दोर बांधण्यासाठी चढणारा एक कारागीर २,२०० रुपये, खालचे चार मदतनीस प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६०० रुपये, करवत, इंधन आणि दोर यांचे २,००० रुपये, आणि टेम्पोच्या चार खेपा प्रत्येकी २,५०० प्रमाणे १०,००० रुपये, असे १७,८०० होतात. लाकडाचे आम्ही ४,००० रुपये वजा देतो, म्हणजे आपल्याला १३,८०० रुपये द्यावे लागतात.

तोच गुलमोहर बंगल्याच्या कौलारू पडवीवर झुकलेला असेल, तर चढणारे दोघे लागतात आणि काम दोन दिवस चालते. त्यांचे ८,८०० रुपये, चार मदतनिसांचे दोन दिवसांचे ७,२०० रुपये, करवत, दोर आणि कप्पी यांचे ३,००० रुपये, खोडाचा खालचा भाग उचलण्यासाठी अर्धा दिवस हायड्रा क्रेन ६,००० रुपये आणि वाहतुकीचे तेच १०,००० रुपये, असे एकूण ३५,००० होतात. लाकडाचे ४,००० वजा जाऊन ३१,००० रुपये राहतात. झाडात फरक काहीच नाही, त्याच्याखाली काय आहे एवढाच फरक आहे. हे आमचे दर आहेत. इतरांचे कमी-अधिक असू शकतील, पण अंदाजपत्रकात ही फोड मागण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ती जो देत नाही त्याच्याकडून काम करून घेण्याआधी दोनदा विचार करावा, असे आमचे मत आहे.

वाहतुकीचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. चारपैकी तीन खेपा निव्वळ फांद्यांच्या आणि पाल्याच्या असतात, कारण पाला हलका असला तरी जागा फार खातो. बागेत कोपरा असेल आणि पाला तिथेच कुजवून खत करायची तयारी असेल, तर एक-दोन खेपा सहज वाचतात.

खर्च वाढवणाऱ्या गोष्टी

विजेची सर्व्हिस वायर किंवा महावितरणची लाइन फांद्यांतून जात असेल, तर ती रीतसर बंद करून घेतल्याशिवाय आमचा माणूस चढत नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवली जाते, त्यामुळे अशी कामे शक्यतो गुरुवारी धरतो. फाटक अरुंद असेल आणि क्रेन आत येत नसेल, तर ओंडके हातांनी वाहून न्यावे लागतात आणि एक दिवस वाढतो. आग्या मोहोळ असेल, तर ते आधी जाणकाराकडून हलवावे लागते. पावसाळ्यात बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी असलेल्या झाडाला आम्ही पिल्ले उडेपर्यंत हात लावत नाही, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते.

सर्वांत अवघड असते ते पोखरलेले झाड. चढण्यापूर्वी बुंधा लाकडी मोगरीने चहूबाजूंनी ठोकून पाहतात. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि घट्ट येतो, ढोली असेल तिथे तो डब्यासारखा घुमतो. मुळांशी बुरशीच्या छत्र्या, झुकावाच्या उलट बाजूला जमिनीला पडलेली भेग, सालीखालून झरणारा भुसा, ही लक्षणे आपल्यालाही ओळखता येतील. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका आंब्याचा बुंधा तपासून तो भक्कम आहे असे ठरवले, पण पंधरा फुटांवरच्या बेचक्यात पाणी मुरून लाकूड आतून कुजलेले होते, ते पाहिलेच नाही. फांदी दोरासकट गेली आणि खालची मंगलोरी कौले फुटली. माणसाला इजा झाली नाही आणि कौले आम्ही भरून दिली. तेव्हापासून पहिला माणूस करवत न घेता चढतो आणि प्रत्येक बेचके हाताने तपासून खाली येतो. या तपासणीचा अर्धा तास अंदाजपत्रकात धरलेला असतो. अशा झाडावर चढणेच धोक्याचे ठरले, तर क्रेनच्या पाळण्यातून काम करावे लागते आणि खर्च दीडपटीच्या पुढे जातो.

परवानगी

महापालिका आणि नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि झाड आपल्या आवारात, आपणच लावलेले असले तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. या कायद्यात झाड तोडणे म्हणजे केवळ कापणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. बुंध्याची साल गोलाकार सोलून किंवा मुळांत आम्ल ओतून झाड "आपोआप वाळू द्यावे" असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. तो गुन्हाही आहे, आणि वाळलेले ठिसूळ झाड उतरवण्याचा खर्च हिरव्या झाडाहून जास्त येतो.

अर्ज आल्यावर झाडावर नोटीस लावली जाते, हरकती मागवल्या जातात आणि उद्यान विभागाचे कर्मचारी पाहणी करतात. सोसायटीच्या आवारातले झाड असेल, तर सोसायटीचा ठराव जोडणे सोयीचे पडते. मेलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक झाड असेल, तर तसे स्पष्ट लिहून चारही बाजूंचे फोटो जोडावेत. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडायच्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावण्याची अट आली. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस रोपे, त्यांचे खड्डे, माती आणि जाळ्या यांचा खर्च आमच्या अंदाजपत्रकात नसतो. महापालिकेचे शुल्क आणि अनामत रक्कमही आपण थेट भरायची असते. अर्ज लिहिण्यास आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय करवत बाहेर काढत नाही. झाड अचानक घरावर कलले असेल, तर आमच्याआधी १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी त्याच्या अनुसूचीतली झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

बुंधा, मुळे आणि लाकूड

वर दिलेल्या हिशोबात झाड जमिनीलगत कापून देणे एवढेच येते. बुंधा मुळासकट काढणे हे वेगळे काम आहे. जेसीबी आत येत असेल तर ते दोन-तीन तासांत होते, नसेल तर कुदळ, पहार आणि कुऱ्हाड घेऊन दोन माणसे दोन-तीन दिवस खणतात. घराच्या पायाला लागून असलेला बुंधा शक्यतो तसाच राहू द्यावा, असे आम्ही सुचवतो. पाण्याची, ड्रेनेजची किंवा गॅसची पाइपलाइन अनेकदा मुळांच्या जाळ्यातूनच गेलेली असते. वड, पिंपळ आणि उंबर मात्र कापल्यावरही फुटतात, त्यांचे धुमारे वर्षभर खुडत राहावे लागते. (या तीन झाडांना हात लावण्यास आमच्यातले काही कारागीर नकार देतात आणि आम्ही त्यांना आग्रह करत नाही. अशा वेळी तारीख थोडी पुढे जाते.)

काळ्या मातीवर घर असेल, तर आणखी एक सूचना. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड वर्षानुवर्षे त्या मातीतले पाणी ओढत असते. ते एकदम गेले की माती पुन्हा ओल धरून फुगू शकते आणि आधी नसलेल्या भेगा भिंतीत दिसू लागतात. भिंतीपासून अगदी जवळचे जुने झाड काढण्याआधी बांधकाम अभियंत्याचे मत घ्यावे. ते शुल्क भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असते.

लाकडाच्या किमतीबद्दल गैरसमज फार आहेत. साग, फणस, आंबा यांच्या सरळ खोडाला वखारीत भाव मिळतो. गुलमोहर आणि नीलगिरीच्या वेड्यावाकड्या फांद्या जळाऊ लाकूड म्हणूनच जातात. कपडे वाळत घालण्यासाठी ठोकलेले खिळे आणि सालीत रुतलेली तार असेल, तर चांगल्या खोडालाही करवतवाले हात लावत नाहीत. सागासारख्या लाकडाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो.

काढण्याऐवजी छाटणी

आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने हा सल्ला तोट्याचा आहे, तरी तो देतो : पाहणीला गेल्यावर बऱ्याच वेळा झाड काढण्याची गरजच नसते. घरावर आलेल्या एक-दोन फांद्यांची रीतसर छाटणी पुरते आणि तिचा खर्च झाड काढण्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात भागतो. तिलाही परवानगी लागते. झाडाचे सगळे शेंडे उडवून मुंडण करण्याचे काम मात्र आम्ही घेत नाही. त्या जखमांतून कूज शिरते, नवे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी तेच वादळात पडतात.

पाहणीपूर्वी

शक्य असेल तर काम डिसेंबर ते मार्चमध्ये करून घ्यावे. वळीव सुरू झाला की सगळ्यांनाच झाड आठवते आणि मेमध्ये आमची तारीख तीन-चार आठवडे मिळत नाही. फोन करण्याआधी झाडाचे चारही बाजूंनी फोटो, जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळीने मोजलेला घेर आणि फाटकाची रुंदी एवढे तयार ठेवावे. पाहणी विनामूल्य असते. एक-तृतीयांश रक्कम परवानगी मिळाल्यावर आणि उरलेली आवार झाडून दिल्यानंतर घेतली जाते. वाऱ्यामुळे काम थांबवावे लागले, तर त्या दिवसाची मजुरी आम्ही सोसतो. क्रेनचे चाक टाकीच्या स्लॅबवर येऊ नये म्हणून, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे आणि सेप्टिक टँकचे झाकण नेमके कुठे आहे हे ठाऊक असलेली घरातली व्यक्ती पाहणीच्या दिवशी हजर असावी.