मूकपटाच्या थिएटरात काय ऐकू यायचं? रिक ऑल्टमन यांच्या कामामागचा इतिहास

१९२७ ला वॉर्नर ब्रदर्सचा 'द जॅझ सिंगर' आला आणि सिनेमा बोलायला लागला, त्याआधी पडद्याजवळ कोणीतरी पियानो वाजवायचं, एवढ्यावर बहुतेक इतिहास आटपतो. त्याच्या मुळाशी जाऊन जुने कागद उपसणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीत प्रोफेसर राहिलेले रिक ऑल्टमन.

ऑल्टमननी काम सुरू केलं तेव्हा सिनेमाचा अभ्यास म्हणजे कॅमेरा, एडिटिंग, फ्रेम, आवाजाकडे फार कोणी बघायचंच नाही. ऑल्टमननी १९८० ला 'येल फ्रेंच स्टडीज'चा आख्खा अंक आवाजावर काढला, आणि २००४ मध्ये 'सायलेंट फिल्म साउंड' हे जाडजूड पुस्तक.

त्यात १९०५ नंतरच्या निकलोडियनचं, म्हणजे पाच सेंटवाल्या छोट्या थिएटरांचं, जे चित्र उभं राहतं ते मला फार आवडतं. दारात ग्रामोफोनचा कर्णा गिऱ्हाईक बोलावतोय, आत रंगीत काचेच्या स्लाइड्स दाखवत गायक गातोय आणि लोक त्याच्याबरोबर गातायत, ड्रमवाला घोड्याच्या टापा काढतोय, कुठे पडद्यामागे नट उभे राहून संवाद म्हणतायत, आणि कित्येकदा सिनेमा चालू असताना चक्क शांतता, कारण पियानो असायचा तो गाण्यासाठी! १९११ मध्ये 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या सिनेमाधंद्याच्या साप्ताहिकात 'जॅकॅस म्युझिक' नावाचा लेख आला होता, पडद्यावर काय चाललंय ते न बघता काहीही वाजवणाऱ्यांवर लेखक जाम भडकलेला. चित्राला साजेसं सलग संगीत हवं, हा नियम अशा भांडणांतून हळूहळू पक्का झाला.

मग स्टुडिओचा काळ. व्हायटाफोन म्हणजे वॉर्नरची तबकडीवरून आवाज वाजवायची पद्धत, त्याची १६ इंची तबकडी एका रिळापुरती, साधारण ११ मिनिटं, सुई उडाली की ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, त्यामुळे फिल्मवरच छापलेला आवाज जिंकला. पण ऑल्टमनना खरा रस माइकच्या भांडणात. मॅक्सफील्डसारखे टेलिफोन कंपनीकडून आलेले इंजिनिअर म्हणायचे की कॅमेरा लांब असेल तर आवाजही लांबून आल्यासारखा हवा, स्टुडिओवाल्यांना मात्र प्रत्येक शब्द स्पष्ट हवा होता, आणि तिकीट काढणाऱ्याला कथा कळायला हवी म्हणून स्पष्ट शब्दच जिंकला. आज लाँग शॉटमधला हिरो आपल्या कानात बोलतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही ते त्यामुळे.

म्युझिकलवरच्या १९८७ च्या पुस्तकात त्यांनी 'ऑडिओ डिझॉल्व्ह' सांगितलाय, म्हणजे बोलता बोलता पात्र गुणगुणायला लागतं आणि नकळत कुठूनतरी आख्खा ऑर्केस्ट्रा सुरू होतो. हिंदी-मराठी गाणी बघत मोठं झालेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आणि मुंबईत 'आलम आरा' लागला तो १४ मार्च १९३१ ला, त्याआधी आपल्याकडेही मूकपटाला पेटी-तबला वाजायचाच, कुठल्या थिएटरात कोण काय वाजवायचं हे याच चिकाटीने जुनी वर्तमानपत्रं चाळून कोणीतरी लिहायला हवं.