सतरा वर्षांनंतरचे पदार्पण: मार्था वॉश यांच्या पहिल्या एकल अल्बमची पार्श्वभूमी

१९९३ साली आरसीए कंपनीने ‘मार्था वॉश’ हा अल्बम बाजारात आणला, तेव्हा गायिकेचे वय ३९ होते. हाउस, म्हणजे यंत्राच्या तालावरच्या नृत्यसंगीतातील पदार्पणाच्या अल्बमांत त्याची गणना होते आणि केवळ त्यांच्या एकटीच्या नावावर निघालेला तो पहिलाच अल्बम असल्यामुळे ते चूकही नाही. पण त्याआधीची दोन-तीन वर्षे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या नृत्यगृहांत, रेडिओवर आणि एमटीव्हीवर हाच आवाज सतत घुमत होता. तो कोणाचा, एवढेच बहुतेक ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अल्बमला गायिकेचेच नाव देण्याची पद्धत जुनी आणि सर्रास आहे, मात्र इथे ते दोन शब्द आवरणावर येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

वॉश यांचा जन्म १९५३ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. गाणे घडले ते चर्चमधल्या गॉस्पेल या भक्तिगायनात. १९७६ मध्ये त्याच शहरातील डिस्को गायक सिल्व्हेस्टर यांना साथीच्या गायिका हव्या होत्या. वॉश यांचा आवाज ऐकल्यावर त्यांनी इतर उमेदवारांना निरोप दिला आणि अशीच धिप्पाड, दमदार गळ्याची आणखी कोणी माहितीत आहे का, अशी विचारणा केली. वॉश यांनी इझोरा रोड्स यांना आणले. ही जोडी पुढे ‘टू टन्स ओ’ फन’ म्हणजे दोन टन मौज या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९८० मध्ये या नावाने तिचा स्वतंत्र अल्बमही निघाला. अंगकाठीची चेष्टा त्या नावात उघडच होती, पण निदान दोघी रंगमंचावर समोर उभ्या राहून गात होत्या. १९८२ मध्ये त्यांनी ‘इट्स रेनिंग मेन’ हे गाणे गायले, जे डोना समर यांनी आधी नाकारले होते, आणि जोडीचे नाव ‘द वेदर गर्ल्स’ झाले. ते गाणे ब्रिटनमध्ये १९८४ साली दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेत मात्र बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते ४६ व्या क्रमांकापुढे सरकले नाही. हा ४६ चा आकडा पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दरम्यान शिकागोत हाउस संगीत आकाराला येत होते. १२ जुलै १९७९ रोजी तिथल्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. कंपन्यांनी डिस्कोतून हात आखडता घेतला, तरी त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ या क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स तीच गाणी वाजवत राहिले. टेपचे तुकडे कापून, जोडून ती लांबवत गेले आणि पुढे त्यांच्याखाली ड्रम मशीनचा ठोका घालू लागले. ‘हाउस’ हे नाव याच क्लबवरून पडले असे मानले जाते. रोलँड कंपनीच्या ड्रम मशीनमधून निघणारा, मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा तो ताल एका मात्रेनेही ढळत नसे. एवढ्या कोरड्या, यंत्रवत तालावर माणसाचा म्हणून जो काही ऊबदार अंश लागतो, तो गळ्यातूनच यायला हवा होता, आणि असा गळा डिस्को आणि चर्च यांतून आलेल्या कृष्णवर्णीय गायिकांकडे तयारच होता. माझ्या मते या संगीताच्या यशातील त्यांचा वाटा निर्मात्यांपेक्षा कमी नाही. नावे मात्र निर्मात्यांची झाली.

गळा मिळवण्याचे मार्ग दोन होते. पहिला, जुन्या तबकडीवरून तुकडा उचलण्याचा. इटलीतल्या ‘ब्लॅक बॉक्स’ या निर्मात्यांच्या गटाने १९८९ मध्ये ‘राइड ऑन टाइम’साठी लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० सालच्या गाण्यातील आवाज परवानगीविना वापरला. हे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि पडद्यावर त्यावर ओठ हलवणारी कात्रिन क्विनॉल ही फ्रेंच मॉडेल होती. हॉलोवे यांनी कायद्याचा आधार घेतल्यावर गाण्याची नवी आवृत्ती दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेण्यात आली.

दुसरा मार्ग अधिक सोयीचा होता. एखादे गाणे मोठ्या कलावंताला ऐकवण्यापुरता नमुना तयार करायचा असला की अनुभवी गायिकेला ठरावीक रक्कम देऊन स्टुडिओत बोलावतात. हेडफोन लावून ती दोन-चार वेळा गाते, पैसे घेते आणि निघून जाते. गाणे पुढे कोणाच्या आवाजात निघणार, याच्याशी तिचा संबंध उरत नाही. वॉश यांनी ब्लॅक बॉक्ससाठी याच समजुतीने गायले होते. १९९० च्या ‘ड्रीमलँड’ अल्बमवर त्यांचाच आवाज जसाच्या तसा निघाला, नाव नसलेला आणि चेहरा पुन्हा क्विनॉल यांचा. ‘एव्हरीबडी एव्हरीबडी’ आणि ‘स्ट्राइक इट अप’ ही त्यातली दोन्ही गाणी अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत चढली.

त्याच वर्षी ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’ या गटाच्या रॉबर्ट क्लिव्हिलेस आणि डेव्हिड कोल यांनी ‘गोना मेक यू स्वेट’ काढले. ‘एव्हरीबडी डान्स नाऊ’ ही त्यातली आरोळी क्रिकेटच्या मैदानापासून लग्नाच्या वरातीपर्यंत आपणही ऐकलेली असते. वॉश यांनी जून १९९० मध्ये वेगळ्याच नमुना-ध्वनिमुद्रणासाठी गायलेल्या भागांतून ती कातरून जोडलेली होती. चित्रफितीत ती आरोळी देताना दिसतात सडपातळ झेल्मा डेव्हिस. डेव्हिस स्वतः गायिका होत्या आणि त्याच अल्बममधली इतर गाणी त्यांनी गायलीही, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणे रास्त ठरणार नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. स्वतःच्या चेहऱ्यानिशी ४६ वा क्रमांक मिळवणाऱ्या गायिकेला चेहरा लपल्यावर पहिला मिळाला, आणि तिला बाजूला ठेवण्यामागे वजनाचा विचार होता हे स्वतः वॉश यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले.

आपल्याकडे पार्श्वगायन इतके अंगवळणी पडले आहे की यात एवढे काय, असे कोणाला वाटेल. पण १९४९ च्या ‘महल’मधील गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापले होते आणि श्रोत्यांनी विचारणा केल्यावर लता मंगेशकर हे नाव पुढे आले, हेही विसरता येत नाही. पार्श्वगायनात पडद्यावरची गात नाही हे सर्वांना ठाऊक असते. क्लिव्हिलेस-कोल आणि ब्लॅक बॉक्स यांच्या बाबतीत तसा संकेतच नव्हता.

वॉश यांनी निर्माते आणि कंपन्या यांच्याविरुद्ध एकामागून एक दावे लावले. वेळही अनुकूल होती, कारण नोव्हेंबर १९९० मध्ये मिली व्हॅनिली या पॉप जोडीने आपल्या अल्बमवर स्वतः गायलेच नसल्याचे उघड होऊन त्यांचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले होते आणि असल्या प्रकारांबद्दल लोकांत चीड होती. ब्लॅक बॉक्सचा अल्बम अमेरिकेत आरसीएने काढला होता. त्या कंपनीशी न्यायालयाबाहेर तडजोड झाली, तिच्यात पैशांबरोबर ध्वनिमुद्रणाचा करारही मिळाला आणि त्या करारातून १९९३ चा अल्बम जन्मला. भरपाईपोटी पदार्पण, असा योग संगीताच्या व्यवसायात विरळाच. ‘कॅरी ऑन’ आणि ‘गिव्ह इट टू यू’ ही त्यातली दोन गाणी बिलबोर्डच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मुख्य यादीत त्यांना तसे यश मिळाले नाही, पण क्लबांतला श्रोता आता आवाज आणि नाव यांची जोडी लावू शकत होता.

क्लिव्हिलेस-कोल यांच्याविरुद्धचा दावा अल्बमनंतरही चालूच होता. तो १९९४ मध्ये मिटला, आणि त्याच वर्षी त्यांच्या पुढच्या गाण्यात वॉश पुन्हा गायल्या, या वेळी नावानिशी. तडजोडीचा भाग म्हणून ‘गोना मेक यू स्वेट’ काढणाऱ्या सोनी कंपनीने एमटीव्हीला जुन्या चित्रफितीवर एक ओळ टाकण्याची विनंती केली. त्या ओळीत आवाजाचे श्रेय मार्था वॉश यांना होते आणि झेल्मा डेव्हिस यांच्या नावापुढे ‘दृश्य सादरीकरण’ असे लिहिले होते.