नकाराआधीची शांतता

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५.’ गेल्या वर्षभरात हे वाक्य तीन वेगवेगळ्या वाटांनी माझ्यापर्यंत आलं, आणि दर वेळी सोबत रंगीत वर्तुळाचा आलेख होता. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले आहेत. त्या प्रयोगांत संवाद नव्हताच. एकेक सुटा शब्द, तो उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्याचं छायाचित्र एवढ्यावरून बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नावड, हे ओळखायचं होतं. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडी व्यक्त होतात तेवढ्यापुरतंच आहे, एरवीच्या बोलण्याला ते लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनी सांगून ठेवलं आहे. तरी आलेख फिरतोच आहे.

मला त्याचा राग येतो, कारण त्यापायी बोलण्यातली खरी नवलाई झाकली जाते. बोलण्यात शब्दांपलीकडचं पुष्कळ असतं, पण ते शब्दांपासून सोलून वेगळं काढता येत नाही. कोणतं वाक्य, कोणी, कोणाला आणि किती वेळाने म्हटलं, हे सगळं मिळून एकच यंत्र चालतं. त्यातला ‘किती वेळाने’ हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो.

शाळेत आपण वाक्यांचे प्रकार शिकलो: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. आता ही तीन वाक्यं पाहा. ‘खिडकी लाव.’ ‘खिडकी लावतोस का?’ ‘वारा फार येतोय.’ व्याकरणाच्या हिशेबाने एक आज्ञा, एक प्रश्न, एक विधान. काम मात्र तिन्हींचं एकच. वाक्याचं रूप वेगळं आणि वाक्याने उरकलेलं काम वेगळं, ही गोष्ट ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत नीट मांडली. ती व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, पुस्तकरूपाने आली. ‘मी वचन देतो’ हे वचन देण्याचं वर्णन नाही, ते म्हणणं हेच वचन देणं. त्याला खरं-खोटं लागू पडत नाही. ते पाळलं जातं किंवा मोडलं जातं. मराठीच्या अंगात हे आधीच मुरलेलं आहे. आपण शब्द देतो, शब्द टाकतो, पाळतो, फिरवतो, आणि एखाद्याचा शब्द खाली पडू देत नाही.

अशी कृती सिद्ध व्हायला अटी असतात. जहाजाचं नाव ठेवायला एखाद्याला बोलावलेलं असताना भलत्याच माणसाने पुढे होऊन नाव जाहीर केलं, तर जहाजाला ते नाव पडत नाही. शब्द तेच, पण अधिकार नाही.

‘शब्दांत शक्ती असते’ याचा अर्थ काही जण शब्दांची स्पंदनं असा लावतात, त्याबद्दल इथेच बोललं पाहिजे. पाण्याशी गोड बोललं की त्याचे स्फटिक सुंदर होतात, हा जपानी लेखक मासारू इमोतो यांचा दावा जगभर पसरला. सुंदर स्फटिक निवडून त्यांची छायाचित्रं दाखवणं हा पुरावा होत नाही. पाण्याला भाषा येत नाही. शब्दाची शक्ती बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने मिळून मानलेल्या नियमांत असते. ते नियम ठाऊक नसलेल्या वस्तूपुढे उच्चारलेलं वचन म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार.

आता मूळ कोडं: वाक्याच्या रूपाआडचं काम आपण ओळखतो कसं? रस्त्यात कोणी विचारलं, ‘तुमच्याकडे घड्याळ आहे का?’ आणि आपण ‘हो, आहे’ म्हणून पुढे निघून गेलो, तर प्रश्नाचं उत्तर अचूक दिलं, तरी काहीतरी चुकलंच. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७५ साली अशा आडवळणाच्या विनंत्यांचा उलगडा करून पाहिला. आधी शब्दशः अर्थ घ्यायचा, तो प्रसंगाशी जुळत नाही हे ध्यानात आणायचं, आणि मग बोलणाऱ्याला काय हवं असेल ते ताडायचं. त्यामागे आणखी एक तत्त्वज्ञ, पॉल ग्राइस, यांचा विचार होता: समोरचा जे बोलतोय ते प्रसंगाला धरून बोलतोय, असं आपण गृहीत धरतो, आणि तसं दिसलं नाही की दडलेला अर्थ शोधतो. मांडणी सुरेख आहे. पण हे खरोखर पायरीपायरीने घडत असेल, तर आडवळणाचं वाक्य कळायला जास्त वेळ लागायला हवा. मानसशास्त्रज्ञ रेमंड गिब्ज यांनी १९७९ साली लोकांचा वाचनाचा वेळ मोजला. आधीचा प्रसंग नीट दिलेला असेल, तर आडवळणाची विनंती कळायला शब्दशः अर्थापेक्षा जास्त वेळ लागत नव्हता. २०१२ सालच्या एका प्रयोगात लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून ‘इथे गरम होतंय’ अशा धाटणीची वाक्यं चित्रांसोबत ऐकवली. वाळवंटाचं चित्र असेल तर ते नुसतं विधान, खिडकीचं असेल तर विनंती. विनंती होती तेव्हा दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी निगडित भाग तर जास्त सक्रिय झालेच, शिवाय हालचालीशी संबंधित भागही झाले. खिडकीला कोणी हात लावायचा नव्हता. तरी विनंती ‘कर’ या अर्थानेच मेंदूत पोचली होती.

हे सगळं किती वेळात होतं? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांतले हो-नाही प्रश्न तपासले. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची सरासरी फट निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डेनिश भाषक सर्वांत सावकाश, ४६९ मिलिसेकंद. जपानी सर्वांत चपळ, ७ मिलिसेकंद! आता दुसरा आकडा यांच्या शेजारी ठेवा. नुसतं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं, तर एक शब्द तोंडातून निघायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. शब्द निवडणं, ध्वनी जुळवणं, जीभ-ओठांना आज्ञा जाणं यांत तेवढा वेळ जातोच. म्हणजे समोरचा अजून बोलत असतानाच उत्तराची तयारी सुरू झालेली असते. आणि उत्तर तयार करायचं, तर समोर विनंती येतेय, तक्रार की आमंत्रण, हे वाक्य संपण्यापूर्वीच ओळखलेलं असलं पाहिजे.

मराठी वाचकाने इथे अडखळायला हवं. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो आणि ‘का’ तर अगदी टोकाला. ‘मी उद्या तुमच्याकडे...’ इथवर ऐकून पुढे ‘येऊ का’ आहे की ‘येणार नाही’, हे कसं कळावं? पण जपानीतही क्रियापद शेवटीच येतं आणि प्रश्नाचा प्रत्यय त्याच्याही मागे, तरी त्या यादीत सर्वांत झटपट उत्तरं जपानीत आहेत. ऐकणारा क्रियापदाची वाट पाहत बसत नाही. सूर, आधीचं बोलणं, बोलणाऱ्याचं नातं यांवरून तो वाक्याचं काम आधीच ताडतो, आणि क्रियापद आलं की फक्त खात्री करून घेतो.

अंदाज बांधायला बोलणाराही मदत करतो. विनंतीच्या आधी आपण छोटा प्रश्न पाठवतो: ‘उद्या मोकळे आहात का?’ ऐकणाऱ्याला यातून पुढचं दिसतं. अडचण असेल तर तो म्हणतो, ‘तसा आहे, पण दुपारी जरा गडबड आहे.’ विनंती झालीच नाही, म्हणून नकारही झाला नाही. दोघांचं काम झालं आणि दोघांचाही आब राहिला.

हा आब म्हणजे सभ्यतेच्या अभ्यासाचा गाभा. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली सामाजिक ‘चेहऱ्या’ची, म्हणजे चारचौघांत जपायच्या आपल्या प्रतिमेची, कल्पना विस्ताराने मांडली. त्यावर पेनलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेविन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांच्या आधारे सिद्धान्त रचला. तो आधी १९७८ साली आणि पुढे १९८७ साली पुस्तकरूपात आला. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं, आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. विनंती दुसऱ्या इच्छेला धक्का लावते, नकार पहिलीला. धक्का किती मोठा, हे त्यांच्या मते तीन राशींच्या बेरजेवर ठरतं: दोघांमधलं अंतर, ऐकणाऱ्याची बोलणाऱ्यावरची सत्ता आणि त्या समाजात त्या मागणीचं वजन. बेरीज जेवढी मोठी, तेवढं वळण लांब. म्हणून पेन मागताना ‘पेन दे’ चालतं, आणि मोठी रक्कम उसनी मागताना आपण पाच मिनिटं भलतंच बोलत राहतो.

या सिद्धान्ताला धक्के बसले, आणि ते बसायला हवेच होते. जपानी अभ्यासक योशिको मात्सुमोतो आणि साचिको इदे यांनी दाखवलं की त्यांच्या भाषेत आदर ही दर वेळी आखलेली खेळी नसते. नातं ओळखून योग्य रूप वापरणं भागच असतं. हे आपल्याला चटकन पटतं. ‘ये’, ‘या’, ‘यावं’ यांतलं काहीतरी एक निवडल्याशिवाय मराठीत कोणाला बोलावताच येत नाही. दुसरा धक्का शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८७ साली दिला. आडवळण जेवढं लांब तेवढं सभ्य, असं असेल तर नुसतं सुचवणं सर्वांत सभ्य ठरायला हवं. हिब्रू आणि इंग्रजी भाषकांना विचारलं, तेव्हा तसं निघालं नाही. ‘कराल का?’ अशा रुळलेल्या प्रश्नाला सभ्यतेत वरचं स्थान मिळालं. नुसतं सुचवलं की अर्थ शोधण्याचा भार ऐकणाऱ्यावर पडतो, आणि तोही एक प्रकारे लादणंच.

आभाराचे शब्द न उच्चारणारे लोक उद्धट, हा समजही इथे तपासून घ्यावा. २०१८ साली आठ भाषांमधली घरगुती देवाणघेवाण तपासली गेली. कोणी काही मदत केल्यावर आभार मानल्याचं प्रमाण होतं साधारण २० पैकी एकदा. मदत मात्र बहुतेक वेळा मिळतच होती.

आता परत त्या २०० मिलिसेकंदांकडे. होकार पटकन येतो. नकार थांबतो, ‘अं...’, ‘तसं काय आहे की...’ म्हणतो, कारणं आधी पाठवतो आणि स्वतः मागून येतो. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को तोरेइरा यांनी २०१५ साली फोनवरची इंग्रजी संभाषणं मोजली. साधारण ७०० मिलिसेकंदांपर्यंतच्या फटीनंतरही होकारांची संख्याच जास्त होती. त्यापुढे मात्र पारडं नकाराकडे झुकलं. ऐकणाऱ्यालाही हे न शिकवता येतं. होकाराचं तेच ध्वनिमुद्रण, फक्त आधीची शांतता वाढवून ऐकवलं, तर इंग्रजी, इटालियन आणि जपानी भाषक तिघांनाही बोलणारा कमी राजी वाटला. शब्द ‘हो’च होता.

यातून एक हिशेब निघतो, तो मला फार आवडतो. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, विषुववृत्तापासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खाली यायला ७१,६०० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाने सुमारे २४० मिलिसेकंद. प्रश्न जायला तेवढे, उत्तर यायला तेवढे, मिळून ४८०. त्यात माणसाचे नेहमीचे २०० मिळवा: ६८०. उपग्रहामार्गे बोलताना समोरच्याने मनापासून, लगेच होकार दिला, तरी विचारणाऱ्याच्या कानावर तो नकाराच्या उंबरठ्यावर पोचतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फोनच्या वहनातला विलंब मुद्दाम वाढवला, तेव्हा लोकांनी दोष यंत्रणेला न देता पलीकडच्या माणसाला दिला: त्याचं लक्ष नाही, त्याला बोलण्यात रस नाही. चांगल्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

त्या शांततेत विचारणारा काय करतो, हे एकदा नीट ऐका. ‘उद्या येताय ना?’ पलीकडे काहीच नाही. अर्धा सेकंद, पाऊण सेकंद. आणि उत्तराची वाट न पाहता विचारणाराच पुन्हा बोलतो: ‘की काही अडचण आहे?’ प्रश्न उलटा झाला. मघाशी होकार म्हणजे येणं होतं, आता होकार म्हणजे न येणं. पलीकडून उत्तर येतं, या वेळी अजिबात न थांबता: ‘हो, जरा अडचणच आहे.’