स्किझोफ्रेनियाबद्दलची जनजागृती (महाराष्ट्र)

स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार नेमका काय असतो, तो ओळखायचा कसा आणि तो झालेल्या माणसाबरोबर घरच्यांनी राहायचं कसं, हे साध्या लोकांपर्यंत पोचवायचं काम. महाराष्ट्रात हे काम डॉक्टरांइतकंच पेशंटच्या घरच्यांनी पुढे नेलंय आणि माझ्या मते तीच त्याची खरी ताकद आहे.

आजार बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे ऐन कॉलेज-नोकरीच्या वयात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला तो असतो. कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं पक्कं वाटणं, हे चटकन लक्षात तरी येतं, पण बोलणं कमी होणं, अंघोळ टाळणं, दिवसभर पडून राहणं हीसुद्धा आजाराचीच लक्षणं आहेत हे घरात कुणाला माहीतच नसतं, मग पोरगा आळशी झालाय, नाटकं करतोय असं म्हणत वर्षं निघून जातात, कुणी अंगारे-धुपारे करतं, कुणी म्हणतं लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. हा लग्नाचा सल्ला सगळ्यात घातक, आजार लपवून केलेल्या लग्नात दोघांचीही आयुष्यं होरपळतात. सिनेमात दाखवतात तसं एकाच माणसात दोन माणसं असणं हा वेगळाच प्रकार आहे, त्याचा ह्या आजाराशी संबंध नाही.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्रोफेसर होते, विषय संख्याशास्त्र, मानसोपचाराशी काही संबंध नाही, पण त्यांच्या पत्नीला हा आजार होता आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलले. त्या काळात हे सोपं नव्हतं, आजही नाही. २००४ साली आलेल्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' सिनेमात अतुल कुलकर्णीने ह्या आजाराचा तरुण उभा केला, आणि जी घरं ह्या विषयावर गप्प बसायची तिथेही बोलणं सुरू व्हायला त्याची मदत झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करतेय. ह्या सगळ्या वर्तुळात आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात.

स्वमदत गटात शुभंकर एकत्र बसतात आणि तिथे जे कळतं ते ओपीडीच्या पाच मिनिटांत कळणं शक्यच नाही. गोळ्या बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, शुभार्थीला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वाद घालायचा नाही, पण हो ला हो पण करायचं नाही. सतत टोमणे आणि आरडाओरडा असलेल्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे संशोधनातून पुन्हापुन्हा दिसलंय, म्हणून घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला पूर्ण बंदी घातली आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच कव्हर करायचा असं सांगितलं. ही माहिती गावापर्यंत अजून नीट पोचलेली नाही. २४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिवस, तेव्हा शहरात रॅल्या-व्याख्यानं होतात ती चांगलीच, पण तालुक्याच्या दवाखान्यात आणि आशाताईंपर्यंत हे जायला हवं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि १४४१६ ह्या टेलि-मानस हेल्पलाइनवर मराठीतून फुकट बोलता येतं, घरच्यांनाही.