तापलेली हार्ड डिस्क आणि सादळलेली हार्ड डिस्क

किनाऱ्यावरच्या घरात टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर सिनेमा चालू असताना अडखळायला लागला, की निदान ठरलेलं असतं: तापलाय. मग डब्याचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावतात, नाहीतर आत आणखी एक पंखा बसवून घेतात. मे महिन्यात हे निदान बहुधा बरोबर निघतं, जुलैत बहुधा चुकतं. उपाय मात्र दोन्ही वेळा तोच होतो, आणि घोळ तिथेच आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हार्ड डिस्कला दोन वेगळी दुखणी असतात, एक उष्म्याचं आणि एक ओलीचं. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

आधी उष्म्याचं बघू, ते सोपं आहे. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ४ ते ६ वॉट वीज घेते, वाचणं-लिहिणं चालू असताना थोडी जास्त. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आकडा लहान आहे, पण टीव्ही युनिटच्या बंद खणात, खाली सेट-टॉप बॉक्स आणि शेजारी दुसरी डिस्क खेटून बसलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठे? बाहेर ३३ अंश असतील तर खणात सहज ३८-४० होतात आणि डिस्क पन्नाशी ओलांडते. बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात कमाल तापमान ६० ते ७० अंश देतात. ती मर्यादा आहे, राहायची जागा नव्हे. घरच्या डिस्कने उन्हाळ्यातही पंचेचाळिशीच्या आसपास राहावं, एवढं पुरे.

त्याला लागतंही फार थोडं. डिस्कच्या दोन्ही अंगांना बोटभर मोकळी जागा, खणाच्या मागच्या फळीला भोक, आणि डिस्कवरून हवा नेणारा १२० मिलिमीटरचा एक संथ पंखा. साचलेली हवा जरा हलली की बराचसा फरक तेवढ्यातच पडतो. पुढे पंख्याचा वेग दुप्पट केला तर एखाददोन अंश कमी होतात आणि आवाज मात्र भरपूर वाढतो. एक गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत: मदरबोर्ड पंख्यांचा वेग साधारणपणे प्रोसेसरचं तापमान बघून ठरवतो, डिस्कचं नाही. सिनेमा चालवताना व्हिडिओचं काम ग्राफिक्सची चिप करते, प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. त्यामुळे पंखे मंदावतात आणि डिस्क तेवढी शेकत राहते. म्हणून डिस्कसमोरच्या पंख्याचा वेग सेटिंगमध्ये जाऊन कायमचा ठरवून टाकावा, मंदच, पण न थांबणारा.

‘जितकी थंड तितकी चांगली’ हे मात्र खरं नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णता आणि बिघाड यांचा ठळक संबंध सापडला नाही. अगदी तापलेल्या, त्यातही वय झालेल्या डिस्क जास्त बिघडल्या, हे अपेक्षितच होतं. पण अगदी थंड राहिलेल्या डिस्कमध्येही बिघाडाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे ४२ चे ३४ करण्यासाठी तीन पंखे लावणाऱ्याने नक्की काय कमावलं, हा प्रश्नच आहे.

आता ओलीचं. मायक्रोसॉफ्ट आणि रट्गर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नऊ डेटा सेंटरांमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यातली बरीच केंद्रं एसीऐवजी बाहेरच्या हवेवर थंड ठेवलेली होती, म्हणजे आपल्या पडवीच्याच जातीची. तिथे बिघाडांवर सगळ्यात मोठा परिणाम तापमानाचा नाही, तर सापेक्ष आर्द्रतेचा निघाला. दमट हवेत मोडणारा भागही वेगळा होता: डेटा साठवणाऱ्या आतल्या फिरत्या चकत्या नव्हे, तर कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारं सर्किट, आणि जोडणी.

हे समजायला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पुरे. मृग लागला की मीठ पाझरायला लागतं, कारण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. त्याच्या खाली ते कोरडं राहतं. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ डिस्कच्या हिरव्या सर्किट बोर्डवर धुळीत मिसळून बसलेलं असतं. कोरडं आहे तोवर निरुपद्रवी. पावसात त्याचीच वीजवाहक ओलसर साय होते, आणि ती सोल्डरचे बारीक टाके, केबलचे पिन आणि बोर्डाखालचे संपर्कबिंदू कुरतडते.

मात्र आर्द्रता खोलीची नव्हे, त्या पृष्ठभागाजवळची मोजायची. जुलैतली २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. हीच हवा ४० अंशांवर चालणाऱ्या डिस्कला लागली की तिथे तिची आर्द्रता जेमतेम ४६ टक्के उरते. पाणी तेवढंच असतं, पण हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. ७५ च्या खाली यायला तर डिस्क खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असली तरी भागतं. म्हणजे ज्या उष्म्याला आपण शत्रू मानून पंखे लावतो, तोच पावसाळ्यात तिला कोरडं ठेवतो. बंद पडून राहिलेली डिस्क खोलीइतकीच थंड आणि खोलीइतकीच ओली. जुने लोक कॅमेऱ्याच्या कपाटात झिरोचा बल्ब लावायचे, त्यातही हेच होतं. नावाला झिरो असला तरी तो १२-१५ वॉट उष्णता द्यायचा. आता त्याजागी एलईडीचा झिरो बल्ब लावून निर्धास्त राहणारे बघितले की हसू येतं, त्याने उजेड पडतो, बाकी काही नाही.

मग आपल्याकडे कोणतं दुखणं आहे हे ओळखायचं कसं? वेळेवरून बरंचसं कळतं. तापलेली डिस्क सुरुवातीला ठणठणीत असते. दुपारी, तास-दोन तास चालल्यावर कुरकुर सुरू होते, आणि बंद करून गार होऊ दिली की पुन्हा नीट चालते. सादळलेल्या डिस्कचं उलटं. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर ती दिसतच नाही, किंवा दिसते आणि गायब होते, आणि अर्ध्या तासाने मशीन ऊबदार झालं की शहाण्यासारखी चालू लागते. चित्र काही सेकंद थिजतं आणि पुढे सरकतं, हेही ओलीचं नेहमीचं लक्षण.

खात्री करायची तर डिस्क स्वतःच नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींच्या, यादीत दोन ओळी बघा. १९४ क्रमांकाची ओळ (क्रिस्टलडिस्कइन्फोत ती C2 अशी दिसते) म्हणजे तापमान. १९९ (तिथे C7) म्हणजे सीआरसी चुका, अर्थात डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा किती वेळा बिघडून पोचला त्याचा हिशेब. १९४ पन्नाशीच्या वर आणि १९९ स्थिर, तर उष्मा. १९४ चाळिशीच्या आत आणि १९९ आठवड्यागणिक वाढतोय, तर पंख्याचा काही संबंध नाही, केबल आणि पिन बघा. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतोय का, एवढंच महत्त्वाचं. ५ आणि १९७ (C5) या ओळी चकत्यांवरचे खराब भाग मोजतात, त्या वाढत असतील तर मामला चकत्यांचा आहे. तेव्हा हे सगळं सोडून आधी कॉपी काढा.

१९९ वाढत असेल तर बहुतेकदा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या, शे-दीडशेच्या नव्या साटा केबलवर काम भागतं. क्लिपवाली घ्यावी. पिन पुसायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणावं. मेडिकलमधलं बहुधा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणी, आणि पाण्यानेच तर हा घोळ केलाय. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासायची आपल्याकडच्या कारागिरांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. डिस्कचा बोर्ड उघडून खालचे संपर्क तसेच घासता येतात आणि कधीकधी मेलेली डिस्क उठतेही. पण आतला डेटा हवा असेल तर हा प्रयोग घरी करू नये.

आणखी एक आगाऊपणा टाळावा. डिस्कवर बारीक भोक असतं आणि शेजारी ‘झाकू नका’ असं छापलेलं असतं. ओल आत जाऊ नये म्हणून काही जण त्यावर चिकटपट्टी लावतात. ते भोक आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून आहे, आत गाळणीही आहे. मोठ्या क्षमतेच्या, आत हेलियम वायू भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना हे भोक नाही. पण त्यांचाही सर्किट बोर्ड बाहेरच असतो, त्यामुळे मिठापासून सुटका त्यांनाही नाही.

पंख्याचं मग काय करायचं? उन्हाळ्यात तो हवाच. पण समुद्राकडच्या खिडकीसमोर जोरात हवा ओढणारा पंखा म्हणजे डिस्कला दिवसभर खारवणं. हवा आत घेणारा पंखा एकच असावा, त्याला जाळीची गाळणी असावी, आणि बाहेर फेकणारा त्याहून मंद, म्हणजे फटीफटीतून न गाळलेली हवा आत येत नाही. किनाऱ्यावर या गाळणीवर नुसती धूळ बसत नाही, चिकट लेप बसतो. तो ब्रशने झाडून निघत नाही. साध्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. पावसाळ्यात पंखा अगदी मंद ठेवला, आणि डिस्क ३८-४२ वर राहिली, तर तिला तसंच राहू द्यावं. रोज संध्याकाळी दोनेक तास मशीन चालू ठेवलं तरी बराच फायदा होतो. चोवीस तास चालू ठेवायचं तर ३० वॉटचं मशीन महिन्याला २१-२२ युनिट खातं, ते परवडतं का हे ज्याने त्याने ठरवावं.

एसीमुळे गोंधळ वाढतो, कारण तो दोन्ही कामं करतो: उष्णताही काढतो आणि पाणीही. चालू असेपर्यंत उत्तम. धोका तो बंद केल्यावर आहे. वर घेतलेल्या जुलैच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली तिच्यातलं पाणी दव होऊन जमतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. एसीने २४ अंशांवर आणलेल्या खोलीत बंद डिस्क पडलेली असेल, आणि लाइट गेली म्हणून कुणी खिडक्या उघडल्या, तर तिच्यावर शब्दशः दव जमतं. चालू डिस्क तेव्हा पस्तिशीत असते, तिला काही होत नाही. म्हणून एसीच्या खोलीतली बंद डिस्क बाहेर आणली तर ती पिशवीतच, बंद ठेवून, तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग जोडावी.

सगळ्यात वाईट गत गावच्या बंद घरातल्या मशीनची. मेच्या अखेरीस चाकरमानी दार लावून मुंबईला जातात आणि गणपतीला उघडतात. मधल्या काळात चिऱ्याच्या भिंती ओल सोडत असतात आणि डिस्क एकदाही गरम झालेली नसते. अशा मशीनला आल्या आल्या वीज देऊ नये. जाताना डिस्क काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या मूठभर पुड्यांबरोबर ठेवणं सगळ्यात बरं. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले असं समजावं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा निळे होतात. डिस्क काढायची राहून गेली असेल, तर आल्यावर ती एक रात्र त्याच डब्यात घालावी, पिन पुसावेत, आणि जोडल्यावर सिनेमा लावण्याआधी १९९ ची ओळ एकदा वहीत लिहून ठेवावी. विसर्जनाच्या दिवशी पुन्हा बघितली की केबल बदलायची का, ते कळतं.